एकोणतीस वर्षांची दुहेरी शिलाई

आमच्या गिर्यारोहण क्लबात प्रत्येकाला टोपणनाव आहे आणि त्यातली निम्मीअधिक मी ठेवलेली आहेत. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. एकेका वर्गात साठ-साठ पोरं, खरी नावं कुणाची आणि किती लक्षात ठेवणार? ती खोड क्लबातही आली. मला सगळे मास्तरीण म्हणतात, तेही तोंडावर, त्यामुळे फिट्टंफाट.

पण एक नाव ठेवल्याचा मला आज पस्तावा होतो. ते नाव म्हणजे ‘डबलटाके’. हा आमच्या क्लबचा शिंपी. आता बहात्तर वर्षांचा आहे. रुमाल ठेवायची पिशवी शिवायला दिली तरी तिच्यावर दोनदा शिलाई मारतो, कोपऱ्यात वर आडवे टाके घालतो, आणि मग दोन्ही हातांनी ओढून बघतो. म्हणून डबलटाके. मला वाटलं, फार छान नाव सुचलं.

खरी गोष्ट अशी होती, की एकोणतीस वर्षं या माणसाने मनाशी धरलं होतं, आपला जिवाभावाचा मित्र आपल्या कच्च्या शिलाईमुळे गेला. आम्हाला कुणालाच याचा पत्ता नव्हता. आणि मी बाई त्याच्या दुहेरी टाक्यांवर विनोद करत होते.

तो क्लबात आला तोच मुळी तंबू घेऊन. आमचा एक तंबू डोंगरावर वाऱ्याने फाटला होता. मोठ्या रस्त्यावरचे शिंपी म्हणाले, आम्ही शर्ट शिवतो, तंबू नाही. लाँड्री आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधे एका चिंचोळ्या दुकानात एक पोरगेला माणूस स्कूटरची सीट कव्हरं शिवत बसला होता. त्याने तंबू उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “हा वाऱ्यात कसा उभा राहतो ते बघितल्याशिवाय कसा शिवू?” झालं. त्याला तंबूबरोबर वर नेला. तंबूने वारा कसा खाल्ला ते त्याने रात्रभर आतून पाहिलं, सकाळी खाली उतरताना दोन ठिकाणी घसरला, आणि पुढच्या रविवारी स्वतःहून हजर.

चढणारा म्हणून तो यथातथाच. उंचीवर गेला की पाय आधी थरथरायचे, मग तो. पण क्लबच्या सामानातला एकही शिवण त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिली नाही. सॅक, तंबू, पायाला गुंडाळायची कापडी आवरणं, आणि हार्नेस. हार्नेस म्हणजे कमरेला आणि दोन्ही मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज. दोर त्यालाच अडकवतात. माणूस कड्यावरून सुटला तर त्याचा सगळा भार या पट्ट्यांवर येतो. तेव्हा आमच्या गावात तयार हार्नेस मिळत नव्हते, मिळाले तरी परवडत नव्हते. हा जाड नायलॉनचे पट्टे आणायचा, दोऱ्याला मेण लावायचा आणि शिवायचा. आमच्यातल्या वीस-बावीस जणांनी त्याच्या हातच्या शिलाईवर जीव टांगलेला आहे, शब्दशः.

त्याचा सगळ्यात जवळचा दोस्त म्हणजे शिडी. सव्वासहा फूट उंची, शिक्षण बेताचं, नोकरी पाणीपुरवठ्यात, आणि तोंड कायम चालू. शिडीला प्रत्येक गोष्टीबद्दल तक्रार. चहा गार आहे, दोर खरखरीत आहे, डोंगर चुकीच्या जागी आहे. दोघं एकत्र चालायला लागले की एखाद्या म्हाताऱ्या जोडप्यासारखं भांडण चालायचं. शिंपी म्हणायचा, तू जरा गप्प बसलास तर तुला मोफत कोट शिवून देईन. तो कोट काही शिवला गेला नाही.

मग ती मोहीम झाली. शिंपी तेव्हा बरोबर नव्हता, दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. कड्यावर शिडी पुढे चढत होता. खालच्या फळीएवढ्या कपारीत उभा राहून वायरमनने त्याचा दोर धरला होता. वायरमन म्हणजे वीजमंडळातला, आमच्यातला सगळ्यात अबोल माणूस. वरून दगड सुटला, शिडीच्या बरगड्यांत बसला. खाली आणेपर्यंत दीड तास गेला आणि संध्याकाळी हॉस्पिटलात तो गेला. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

त्यानंतर क्लबात एक नियम झाला. कुणी लिहून काढला नाही, पण पक्का. दरवर्षी एका रविवारी दुपारी आम्ही गेलेल्यांच्या आठवणीसाठी जमतो. क्लबची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. लाकडी जिना, एक खिडकी, भिंतीवर पाच फोटो. तिथे प्रत्येकाने गेलेल्याबद्दल एक हसण्यासारखी गोष्ट सांगायची. पडण्याबद्दल, जखमांबद्दल, शेवटच्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. जो कुणाला रडवेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. या नियमाचा मला अभिमान होता. आमच्यासारखी समजूतदार माणसं शोधून सापडायची नाहीत, असं मला वाटायचं.

त्या मोहिमेनंतर शिंप्याने हार्नेस शिवणं बंद केलं. म्हणाला, आता बाजारात चांगले मिळतात. ते खरंच होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. शिडीच्या बायकोच्या घरी तो जायचा, पडदे शिवून द्यायचा, पण तिथेही चहा न घेता निघायचा. क्लबात चुकून तो विषय निघाला की हा उठायचा. आम्ही म्हणायचो, बिचाऱ्याचा मित्र गेला, आठवण सहन होत नाही. मग आम्हीच त्याच्यासमोर विषय काढायचं सोडलं. तिकडे त्याला वाटत होतं, हे लोक माझ्यासमोर गप्प होतात, म्हणजे यांना सगळं माहीत आहे आणि चांगुलपणाने बोलत नाहीत.

इतकी वर्षं आम्ही असे एकमेकांना सांभाळत बसलो होतो!

गेल्या वर्षी शिडीची मुलगी क्लबात आली. एकतीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, उंची बापाची, तक्रारीही बापाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाली, “तुमचा जिना चुकीच्या बाजूला आहे.” जुन्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसू दाबलं. सगळ्यांना ती आवडली. तिला हवी होती एक सॅक. पाठ लांब असल्यामुळे बाजारातली कुठलीच तिला नीट बसत नव्हती. साहजिकच ती शिंप्याकडे गेली. शिंप्याने सांगितलं, वेळ नाही. महिन्याने गेली, तर म्हणाला, मशीन बिघडलं आहे. तिसऱ्यांदा गेली तेव्हा चालू मशीनवर दुसऱ्या कुणाची तरी सॅक होती.

ती माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी, आवाजात राग.

“मावशी, सगळ्यांचं शिवतात, माझंच नाही. मी काय केलंय त्यांचं? बाबांशी भांडण होतं का त्यांचं?”

“भांडण रोजचंच होतं,” मी म्हणाले. “पण थांब. मी बघते त्याच्याकडे.”

मी तशीच दुकानात गेले. दुकान अजून तेच, लांबीला बारा फूट आणि रुंदीला शिंप्याच्या दोन हातांएवढं. तो सीट कव्हर शिवत होता. मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि वर्गात विचारते तसं विचारलं.

“पोरीची सॅक का शिवत नाहीस?”

“बाजारात छान मिळतात.”

“माझी शिवलीस की मागच्या वर्षी.”

“तुझी गोष्ट वेगळी.”

“वेगळी म्हणजे? मी दरीत पडले तरी चालेल, असंच ना?”

मी थट्टेत म्हणाले होते. मशीन थांबलं. त्याने चष्मा काढला, कव्हराच्या कापडाने पुसला, परत घातला, परत काढला. मी चाळीस वर्षं या माणसाला ओळखते, पण त्याचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

“त्याचा पट्टा मी शिवला होता,” तो म्हणाला. “आता त्याच्या मुलीचं मी काहीही शिवणार नाही. साधी पिशवीसुद्धा नाही.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या संध्याकाळी तो धावत हॉस्पिटलात पोचला होता. बाहेरच्या बाकाखाली शिडीच्या सामानाची पिशवी होती. तिच्यातून हार्नेसच्या मांडीचा पट्टा लोंबत होता, तुटलेला.

“अरे वेड्या, त्याला दगड लागला! क्लबचा रिपोर्ट मी स्वतः टाईप केलाय.”

“दगड लागला असेल. दगड लागला की माणूस सुटतो आणि दोरावर अडकतो. पट्टा टिकला असता तर तोही अडकला असता. वाचला असता.”

“अडकला होता! पट्टा हॉस्पिटलात कात्रीने कापला असेल. कपडे कापतात तसा. शिंपी आहेस ना तू? कापलेलं आणि उसवलेलं तुला कळत नाही?”

“हातात घेतला असता तर कळलं असतं. हात लावायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर पिशवी टाकून दिलेली.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू होतीस का कड्यावर?”

मी नव्हते. मी त्या दिवशी शाळेत नकाशे तपासत होते.

“मग झालं तर. रिपोर्ट तुम्ही लोकांनी लिहिलात. तुम्ही चांगली माणसं आहात. शिलाई सुटली असं तुम्ही लिहिलंच नसतं.”

मी खूप बोलले. शेवटी ओरडलेसुद्धा, शेजारचा किल्लीवाला डोकावून गेला. तो नुसता “असेल, असेल” म्हणत राहिला, तापात बडबडणाऱ्या पोराला म्हणावं तसं. एकदा माणसाने ठरवलं की समोरचा आपली समजूत काढतोय, मग खुद्द ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. निघताना त्याने मला शपथ घातली, हे कुणाला सांगायचं नाही. मी मान डोलावली. घरी येताना रस्ताभर मला माझी लाज वाटत होती. रुमालाच्या पिशवीवरून मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, यात काय हत्ती ठेवायचाय? आणि तो हसला होता. मला चांगलं आठवतं, सगळ्यांबरोबर तोही हसला होता.

त्या दिवशी कड्यावर होते त्यांतला आता क्लबात उरलेला एकटा वायरमन. पण त्याला आधी गाठून पढवला असता तर शिंप्याने ते लगेच ओळखलं असतं. म्हणून मी वायरमनला काही बोलले नाही. शिडीच्या मुलीला मात्र फोन करून एवढंच विचारलं, तुझ्या बाबांच्या शेवटच्या दिवसाबद्दल ऐकायची तुझी तयारी आहे का?

ती म्हणाली, “मावशी, मी क्लबात आले ती त्याचसाठी. आईला विचारवत नाही. आणि तुमच्याकडे सगळे नुसते विनोद सांगतात.”

तो रविवार आला. आम्ही अकरा जण होतो. मी मुद्दाम दाराला खुर्ची लावून बसले. नेहमीप्रमाणे आठवणी झाल्या. वायरमनने दरवर्षी सांगतो तीच, शिडीचा बूट ओढ्यात वाहून गेल्याची गोष्ट सांगितली आणि आम्ही दरवर्षीप्रमाणे हसलो. मग मुलगी म्हणाली, “काका, बूट झाला. आता त्या दिवसाचं सांगा. तुम्ही दोर धरला होतात ना?”

शिंपी उठला. “चहा सांगून येतो,” म्हणाला.

“बस खाली,” मी म्हणाले. “चहा झालाय.”

“मास्तरीण, बाजूला हो.”

“होत नाही.”

तो बसला. वायरमनने माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं, मग मुलीकडे. हा माणूस वर्षभरात जेवढं बोलतो तेवढं त्या दहा मिनिटांत बोलला.

“दगड आला. लागला. सुटला तो. दोराला हिसका बसला, माझे दोन्ही तळवे सोलले. पण दोर धरला गेला. तो माझ्यापासून दहा-बारा फुटांवर लोंबत होता, हवेत. मला वाटलं गेला. तर थोड्या वेळाने बोलायला लागला.”

“बोलत होते?” मुलगी म्हणाली.

“बोलत होता? दीड तास बोलत होता! बाकीच्यांनी येऊन उतरवेपर्यंत. मी म्हणतोय, दमू नकोस, गप्प राहा. ऐकतोय कुठे.”

“काय बोलत होते?”

वायरमन अडखळला. खुर्चीत चुळबुळला.

“तुझी आठवण काढली. आईची काढली. ते मी तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं.”

“सांगा काका.”

“अगं, शेवटचं बोलणं म्हणून लोकांना काय सांगू? तो बहुतेक वेळ त्या पट्ट्याला शिव्या घालत होता. डाव्या मांडीला काचतोय म्हणून. मला म्हणाला, त्या शिंप्याला सांग, माझ्या मांडीचं माप घेतलंस की तुझ्या मनगटाचं? बरगड्यांचं काही नाही, म्हणाला, हा पट्टाच मला मारणार. दोनदा बजावलं, सांगशील ना त्याला? मी हो म्हटलं.” वायरमनने खाली पाहिलं. “नाही सांगितलं. ज्याचा मित्र गेला त्याच्याकडे जाऊन काय मित्राची तक्रार सांगायची? आणि मग ते राहूनच गेलं.”

मी शिंप्याकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर.

“काचत होता?” त्याने विचारलं.

“हो.”

“दीड तास?”

“खाली उतरवेपर्यंत. हॉस्पिटलात नर्सने कात्रीने कापला, तेव्हा म्हणाला, सुटलो बुवा.”

मला भीती वाटली, आता हा पुन्हा “असेल, असेल” म्हणतोय की काय. पण कुणाची समजूत काढायला असलं कोण रचून सांगेल? आणि ही तक्रार शिडीशिवाय दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. शिंप्याचा चेहरा लाल होत गेला आणि तो एकदम ओरडला.

“जाड पँट घालून माप द्यायला ये म्हटलं होतं त्याला! तीनदा सांगितलं! आला पातळ पँट घालून, आणि वर तोंड करून म्हणतो, तुला काय करायचंय, तू टेप धर. मग काचणार नाही तर काय होणार?”

सगळे थक्क. मग शिडीची मुलगी हसायला लागली. हसता हसता तिने तोंडावर हात धरला आणि रडायला लागली. शिंपी तर आधीच रडत होता, पण भांडणही चालूच होतं, मनगटाचं माप म्हणतो, गाढव लेकाचा. मग त्याने आपणच सगळ्यांना सांगून टाकलं, इतकी वर्षं काय धरून बसला होता ते. वायरमन जागेवरून उठला. त्याने शिंप्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “मी सांगायला हवं होतं रे. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

मीही रडले, लपवत नाही. इतकं हलकं मला माझ्या निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

नियमाप्रमाणे कप विसळायचे वायरमनकडे आले. शिंपी त्याच्याबरोबर मोरीत गेला आणि दोघं म्हातारे अकरा कप अर्धा तास विसळत होते. मी तिथे जाऊन माझंही एक काम उरकलं. म्हटलं, तुझं ते नाव मी परत घेते. तो म्हणाला, “राहू दे. आता लाँड्रीवालापण त्याच नावाने हाक मारतो. नवीन ठेवशील ते याहून वाईट असेल.”

सोमवारी त्याचं दुकान साडेअकराला उघडलं. त्याची बायको फोनवर सांगत होती, “मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून आले. गडी उठलाच नाही!”

पुढचा सबंध महिना त्याने सॅकवर घालवला. मुलीला तीनदा माप द्यायला बोलावलं, दर वेळी कुठला शर्ट घालून यायचं ते बजावून. सॅक तयार झाली त्या दिवशी मीही तिथे होते. त्याने सॅकमध्ये कापडाचे तागे ठासून भरले, तिच्या पाठीवर चढवली आणि तिला गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा पाठवलं. किल्लीवाला, लाँड्रीवाला, सगळे बघत होते. ती परत आली तेव्हा हा कमरेवर हात ठेवून दुकानाच्या पायरीवर उभा होता.

“काचतंय का कुठे?”

“नाही काका, छान आहे एकदम.”

“छान आहे काय? नीट सांग. असल्या बापाची तू मुलगी, आणि तक्रार नाही? काही असेल तर आत्ता बोल. नाहीतर मला एकोणतीस वर्षांनी कळायचं.”

तिने खांदे हलवून पाहिले. वर केले, खाली केले. जरा कचरली.

“डाव्या खांद्याला थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“बरंच काचतंय काका. माझ्या खांद्याचं माप घेतलंत की मावशींच्या?”

शिंप्याचं तोंड असं उजळलं, की मला दुसरीकडे बघावं लागलं. “काढ,” तो म्हणाला. “काढ, आण इकडे.” सॅक मांडीवर घेऊन तो पायरीवरच बसला, आणि शिट्टी वाजवत त्याने आपली शिलाई उसवायला घेतली.